फाटका खिसा नावाचं दुकान

धाकटीला त्या प्रदर्शनाला जायचंच नव्हतं. "कपड्यांचं कसलं आलंय प्रदर्शन? अंगात घालावेत, मळले की धुवावेत, विरले की फडकी करावीत. काचेत ठेवून बघत बसायला ते काय राजाचे मुकुट आहेत?" असं सकाळपासून तिचं चाललं होतं. पण संग्रहालयात दिवे बसवायचं काम लेकीच्या कंपनीकडे होतं, लेकीला उद्घाटनाच्या आदल्या दिवसाचे पास मिळाले होते, आणि लेकीचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेवटी धाकटी कुरकुरत का होईना, निघाली.

सत्तरीला टेकली तरी तिला घरीदारी धाकटीच म्हणत. माहेरचं हाकेचं नाव; लग्नानंतर नवऱ्यानेही तेच उचललं आणि ते कायमचं चिकटलं. खरं तर माहेरी तिच्याहून थोरलं असं कुणी उरलंच नव्हतं. एक बहीण होती, सहा-सात वर्षांनी मोठी. धाकटी शाळेत असतानाच ती गेली. दूर कुठेतरी गाडीला अपघात झाला, तिकडच्या तिकडे सगळं उरकलं, असं बाबांनी एका संध्याकाळी घरी येऊन सांगितलं आणि वर बजावलं, "या घरात तिचा विषय पुन्हा काढायचा नाही." बाबांच्या शब्दापुढे कुणाची बिशाद नव्हती. विषय निघाला नाही. धाकटी मात्र कितीतरी वर्षं उशीत तोंड खुपसून रडली. पुढे ती नर्स झाली, माणसं जाताना बघण्यात आयुष्य गेलं, पण एखाद्या तरुण मुलीच्या कॉटपाशी उभं राहिलं की तिला ताईच आठवायची.

प्रदर्शन होतं एका दुकानाचं. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी याच शहरात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात काही तरण्या पोरापोरींनी 'फाटका खिसा' नावाचं बुटीक काढलं होतं. मुलांनी कसं दिसावं आणि मुलींनी किती दिसावं हे त्या काळी सगळं ठरलेलं असे; यांनी ते ठरवून मोडलं. पुरुषांच्या सदऱ्यांना पडद्यांच्या झालरी, गोणपाटाचे स्कर्ट, उलटी करून अस्तर बाहेर काढलेली जाकिटं. कपडे घालून बघायला मुलामुलींना मिळून एकच पडदा. वर्तमानपत्रांनी शिव्या घातल्या, पोलिसांनी येऊन टाळं ठोकलं, तरी गर्दी हटेना. आता त्याच कपड्यांवर मंद दिवे सोडले होते आणि लोक आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसे हळू आवाजात बोलत होते.

"ही बाही लांब, ही आखूड. शिंपी झोपला होता की काय?" धाकटी एकेका पुतळ्यापुढून शेरे मारत चालली होती आणि लेक खुदखुदत होती. खाकी कोटापाशी मात्र ती थांबली.

पोलीस अधिकाऱ्याचा कोट. बटणं, खांद्यावरच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी. पण पाठ पार कापून काढलेली आणि आतून फुलाफुलांच्या पडद्याचं अस्तर.

"आई, काय झालं?"

"हा कोट मी पाहिलाय."

पाहिलाच होता. बाबांचं युनिफॉर्म शिवायचं दुकान होतं. पोलीस, शाळा, इस्पितळ, सगळ्यांचे गणवेश तिथे शिवले जात आणि काजं करायला आईकडे घरी येत. त्यातलाच एक तयार कोट ताईने कापला, त्याला स्वयंपाकघराच्या पडद्याचं अस्तर लावलं आणि तो घालून ती सगळ्यांसमोर जेवायला येऊन बसली. पाठ उघडी. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानंतर जे झालं ते धाकटीने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. ताईला त्याच कोटात घराबाहेर काढलं, आणि दोनेक महिन्यांनी ती अपघाताची बातमी आली.

"ताईचा कोट आहे हा," धाकटी म्हणाली. "इथे कसा आला?"

लेकीने मावशीबद्दल उडत उडत ऐकलं होतं. "मावशी या दुकानात यायची असेल गं," ती समजुतीने म्हणाली. "चल, पुढे बघू."

पुढे भिंतभर एक फोटो होता. दुकानाची मागची खोली. कपड्यांचे ढीग, शिवणयंत्र, यंत्रापाशी एक मध्यमवयीन बाई. डोळ्यांवर गोल जांभळा चष्मा, अंगात ढगळ बेलबॉटम पॅन्ट, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकलेला. कुणीतरी काहीतरी विनोद केला असावा, कारण बाई मान मागे टाकून, सगळे दात दाखवत हसत होती.

लेक म्हणाली, "अगंबाई! आजीसारखी दिसते ना अगदी?"

धाकटी फोटोच्या अगदी जवळ गेली. आजीसारखी नव्हतीच ती. ती आजीच होती. हनुवटीवरचा तीळ, सुई धरताना वर उचललेली करंगळी. पण आई आणि पॅन्ट? आईच्या घोट्याच्या वर पाय असतो हेसुद्धा धाकटीला आजारपणात तिला पुसून काढताना पहिल्यांदा कळलं होतं. आणि ते हसणं! बाबांच्या घरात आई हसायची ती ओठ मिटून, तेही पदराआड.

मग एकदम तिला गुरुवार आठवले. ताई गेल्यावर पुढची दोन-तीन वर्षं दर गुरुवारी दुपारी आई दातांच्या डॉक्टरकडे जायची. दाढ फार जुनी आहे, इलाज लांबलाय, असं म्हणायची. बाबाही कधी काही बोलले नाहीत; दातांपुढे कुणाचं काय चालतं? आणि मरेपर्यंत आईच्या तोंडातला एक दात पडला नव्हता की किडला नव्हता. "आणि मी नर्स!" धाकटी पुटपुटली. "एवढी वर्षं नर्स, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडू नये?"

तेवढ्यात तिच्या मागून तिचाच आवाज आला.

तिचाच. तोच थोडा बसका सूर, 'म्हणजे बघ' म्हणायची तीच लकब. ती गर्रकन वळली. कोपऱ्यातल्या पडद्यावर एक म्हातारी बोलत होती. पांढरे केस मुलासारखे कापलेले, अंगात नारिंगी कोट. "म्हणजे बघ, आम्हाला काही क्रांतीबिंती करायची नव्हती," म्हातारी म्हणत होती. "आम्हाला फक्त गणवेश नको होता. माझे वडील गणवेश शिवायचे, त्यामुळे मला तो जरा जास्तच नको होता." आणि ती हसली, मान मागे टाकून, सगळे दात दाखवत.

लेकीने धाकटीला धरलं म्हणून, नाहीतर ती खालीच कोसळली असती. रखवालदाराने खुर्ची आणली, कुणीतरी पाणी आणलं. एका कानात डूल घातलेला तरुण क्युरेटर धावत आला.

"ही फिल्म कधीची?" धाकटीने विचारलं.

"आत्ताच घेतली, बाई. गेल्या महिन्यात."

"या बाई वारल्यात."

क्युरेटर गोंधळला. त्याने लेकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "नाही हो," तो चाचरत म्हणाला. "त्या आत आहेत. मूळ दुकान जसंच्या तसं उभं केलंय ना आम्ही, तिथे बसल्यात. पाहुण्यांशी गप्पा मारतायत."

*

दुकान म्हणजे काळ्या रंगाची एक खोली, तिरके आरसे, छताला टांगलेले कपडे. मधोमध स्टुलावर नारिंगी कोट बसला होता, भोवती दहाबारा माणसं. धाकटी गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेली. म्हातारीने मान वर केली. बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं.

धाकटीने काय करावं? रडली नाही, ओरडली नाही, गळ्यात पडली नाही. तिने म्हातारीचं मनगट उचललं, बोटं ठेवली आणि नाडी बघू लागली. आयुष्यभराची सवय, खात्री करून घ्यायची तिला एवढीच एक रीत ठाऊक होती.

नाडी चालू होती. जरा जलदच.

"लागली का?" थोरलीने विचारलं.

"लागली," धाकटी म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "मेली होतीस तू! मी रडले तुझ्यासाठी! शाळेच्या बाकावर डोकं टेकून रडले, माझ्या लग्नात रडले, ही पोटात असताना रडले! आणि तू इथे आखूड बाह्यांचे कोट घालून बसलीस?"

"धाकटे, हळू..."

"हळू कशाला? आईही यायची इथे! पॅन्ट घालून! दाढ दुखते म्हणून सांगून यायची! सगळ्या जगाला माहीत, संग्रहालयाला माहीत, फक्त मला नाही!"

थोरलीचा चेहरा पडला. "म्हणजे? आईने तुला सांगितलंच नाही?"

"काय सांगायचं होतं तिने?"

"मी जिवंत आहे म्हणून! ती म्हणाली होती, डोळे मिटायच्या आधी तिला सांगेन. मला वचन दिलं होतं. मी इतकी वर्षं समजत होते, तुला माहीत आहे आणि तुलाच मी नको आहे!"

"मला तू नको? मला?" धाकटीने हाताला लागेल तो कपडा ओढून तिच्या अंगावर फेकला. क्युरेटरच्या तोंडचं पाणी पळालं. आणि तेवढ्यात भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते दुकान पूर्वी अशा अचानक होणाऱ्या नाटकांसाठी प्रसिद्ध होतं, तसं फलकावर लिहिलंही होतं. लोकांना वाटलं, हाही त्यातलाच प्रकार. एकजण मोबाइलवर चित्रण करत "वा, काय जिवंत अभिनय!" म्हणाला. दोघी बहिणी वळून एकदमच खेकसल्या, "गप्प बसा हो!" त्यावर आणखी टाळ्या.

लेकीने दोघींना एकेका हाताने धरलं आणि बाहेर काढलं.

*

संग्रहालयाच्या उपाहारगृहात चहा समोर निवत होता. लेक दोघींच्या मध्ये बसली होती. मावशीकडे बघावं की आईकडे, हे तिला कळत नव्हतं.

थोरलीने सांगितलं ते असं. अपघात वगैरे काही झालाच नव्हता. मुलगी त्या तळघरात कपडे विकते हे गिऱ्हाइकांकडून बाबांच्या कानावर आलं, आणि असल्या मुलीपेक्षा मेलेली मुलगी बरी, असं त्यांनी ठरवलं. आईलाही त्यांनी तेच सांगितलं. आईचाही विश्वास बसला होता. मग एके दिवशी कापड बाजारात, धाग्यांच्या दुकानात, मेलेली लेक तिच्यासमोर उभी राहिली.

"आई मला बघून तिथेच मटकन खाली बसली," थोरली म्हणाली. "मी पाणी पाजलं. पाणी पिऊन उठली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? म्हणाली, 'तुझी काजं फार वाईट असतील गं. कोण करतं?' पुढच्या गुरुवारपासून यायला लागली."

"आणि मला का नाही आणलं?"

थोरली कपाची कड पुसत बसली.

"ताई, मी काय विचारते?"

"ती म्हणाली, एक गेलीच आहे. धाकटीला कळलं तर तीही मागोमाग येईल. मग त्या घरात मी एकटीच उरेन तुझ्या बाबांपाशी. म्हणाली, तेवढं नको. तेवढं माझ्याच्याने सोसवणार नाही."

धाकटीने कप बाजूला सारला. आई म्हणजे तिच्या लेखी माया, आई म्हणजे सोसणं. त्या आईने तिला घरात ओलीस ठेवावं तसं ठेवलं होतं.

"आणि तू कबूल झालीस?"

"झाले," थोरली म्हणाली. "वीस वर्षांची होते. मला आई हवी होती गं. आठवड्यातून एक दुपार का होईना, हवी होती."

पुढचं तिने भराभर सांगून टाकलं. दुकान कायमचं बंद झालं. ती परदेशी नाटक कंपन्यांचे कपडे शिवत फिरली. गावात आली की स्टेशनवर आईला भेटायची. बाबा गेल्यावर ती म्हणाली, आता तरी धाकटीला सांग. आई दर वेळी म्हणायची, या वर्षी सांगते, पण तिचा धीर होत नव्हता. जितका उशीर, तितकी भीती. मग भेटी थांबल्या. थोरली चौकशी करायला आली तर शेजारणीने सांगितलं, आई गेली.

"मी तुझ्या घरापर्यंत आले होते. फाटकापाशी उभी होते. तू खिडकीत होतीस. माझ्याकडे सरळ बघितलंस आणि पडदा ओढलास."

"अगं, रस्त्यावरची कुणी अनोळखी बाई घरात टक लावून बघतेय म्हणून ओढला असेन!" धाकटी ओरडली. "मेलेली बहीण फाटकात उभी आहे असं कुणाच्या मनात येतं का?"

बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. धाकटी उठली. "मला घरी ने," ती लेकीला म्हणाली. थोरलीही उठली, तशी धाकटीने हात पुढे करून तिला थांबवलं. "तू नाही. आज नाही. मला जरा वेळ दे. माणूस मेल्यावर लोक भेटायला येतात, धीर देतात. जिवंत झाल्यावर काय करायचं असतं, मला ठाऊक नाही."

*

आठवडाभर धाकटीने फोन उचलला नाही. थोरलीचा फोन आला की नवरा तो हातात धरून उभा राही आणि धाकटी मानेनेच नकार देई. नवऱ्याला बिचाऱ्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं. "म्हणजे लग्नात माझे जोडे पळवायला मेहुणी असायला हवी होती, आणि ती होती?" असं तो अधूनमधून विचारायचा.

धाकटीला जेवण जाईना. भांडं विसळता विसळता ती मध्येच थांबे आणि म्हणे, "पॅन्ट घालून!" आईवरचा राग बहिणीवरच्या रागापेक्षा मोठा होता, आणि त्याला जायला जागा नव्हती. बहिणीवर ओरडता तरी येतं.

एका दुपारी दाराची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं, बघितलं, आणि गडबडीत "बऱ्या आहात ना?" असं विचारून बसला.

"बरी आहे," दारातून आवाज आला. "धाकटे, आत येऊ, की परत मरू?"

धाकटी दाराशी आली. थोरली साध्या करड्या स्वेटरमध्ये उभी होती. त्यात ती थेट म्हातारपणीच्या आईसारखी दिसत होती. धाकटी बाजूला झाली.

चहा झाला. नवऱ्याने हवापाण्याचं बोलून पाहिलं आणि मग शहाणपणाने तो आतल्या खोलीत गेला. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी समोरासमोर बसल्या.

"मी माफी मागायला नाही आले," थोरली म्हणाली. "मागून काही होणार नाही. मला फक्त एक विचारायचंय. आई शेवटी तुझ्याजवळ होती. कशी गेली ते मला कुणी सांगितलं नाही."

हे धाकटीला सांगता येण्यासारखं होतं. इतरांच्या आया कशा गेल्या तेही तिने अनेकदा सांगितलं होतं, त्याच शांत, कामाच्या आवाजात. आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवी बाजू गेली. वाचा अडखळायची, माणसं ओळखायची, पण काळवेळेचं भान राहिलं नव्हतं. इथेच, मागच्या खोलीत होती. "त्रास नाही झाला फारसा. एवढंच की शेवटी तिला भ्रम झाला होता. सारखी तुला हाका..."

धाकटी थांबली.

"काय?" थोरलीने विचारलं.

धाकटी एकेक शब्द आठवत बोलू लागली. "सारखी म्हणायची, थोरलीला बोलाव. थोरलीला बोलावून घे. माझा हात धरून म्हणायची. कधी म्हणायची, ती स्टेशनवर आहे. वाट बघत असेल, जा."

"मग?"

"मग काय? आम्ही सगळे समजत होतो, मेलेल्या लेकीला हाक मारतेय. असं होतं गं. जाणाऱ्या माणसांना गेलेली माणसं दिसतात, मी शेकडो वेळा पाहिलंय. मी तिला समजवायची. केसांवरून हात फिरवून सांगायची, आई, ताई नाही गं आता. ताई गेली. दर वेळी सांगायची मी. आणि ती माझ्याकडे डोळे फाडून बघायची, आणि रडायची. दर वेळी नव्याने. तिला वाटत असणार, तू खरंच गेलीस. ती सांगत होती मला, ताई! ती तेच सांगत होती आणि मी तिला रोज तुझी बातमी देत होते!"

थोरलीने दोन्ही हात तोंडावर दाबले. आतल्या खोलीतून नवरा घाबरून बाहेर आला, दोघींकडे बघून आल्या पावली परत गेला.

थोरलीने हात खाली घेतले. "म्हणजे तिने वचन पाळलं."

"पाळलं. मीच ऐकलं नाही."

"तू कशी ऐकणार होतीस? मी मेले होते ना." थोरलीने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "बाबांनी मारलं, आईने झाकलं, मी गप्प बसले. तू एकटीच खरं बोलत होतीस त्या घरात. तुला जे खरं म्हणून सांगितलं होतं, ते."

धाकटी उठली. तोंडावर पाणी मारलं. आईवरचा राग शोधून पाहिला. तो होता, पण आता त्याच्या शेजारी ती कॉटवरची बाई येऊन बसली होती, हात घट्ट धरून स्टेशनवर जा म्हणणारी, आणि या दोन आयांना एकमेकींपासून वेगळं काढता येत नव्हतं.

"कुठे उतरलीस?" तिने विचारलं.

"हॉटेलात. संग्रहालयवाले देतायत खोली."

"सामान घेऊन ये. मागची खोली रिकामीच आहे." मग दाराकडे जाणाऱ्या थोरलीला तिने पुन्हा थांबवलं. "राग गेला असं समजू नकोस."

"नाही समजत."

थोरली प्रदर्शन संपेपर्यंत राहिली. दोघी रोज भांडल्या. गॅसच्या आचेवरून, खिडकी उघडी की बंद यावरून, बाबांना माफ करायचं की नाही यावरून. एक दिवस दोघी मिळून संग्रहालयात गेल्या आणि त्या भिंतभर फोटोपुढे बाकावर दुपारभर बसून राहिल्या. शाळेची मुलं आली, गेली. धाकटीने विचारलं, "कोण काय बोललं होतं तेव्हा? कशाला एवढी हसतेय ती?"

थोरलीने खूप आठवून पाहिलं. "नाही आठवत," ती शेवटी म्हणाली. "ती तिथे अशीच हसायची."